पाणी कधी गळतं?

गोंदिया अजून भंडारा जिल्ह्यात होता, तेव्हा आमच्या फुलचूरच्या घरी हे दोन टबांचं सेमी-ऑटोमॅटिक मशीन आलं. १ मे १९९९ला जिल्हा वेगळा झाला, शहर वाढत वाढत आमच्या दारापर्यंत आलं. मशीन मोरीशेजारच्या त्याच कोपऱ्यात आहे. गेल्या पावसाळ्यात त्याच्याखाली पाणी साचू लागलं.

"पाणी कवा गळते, ते आधी पाहजो," आई म्हणाली. दुरुस्तीचं अर्धं शास्त्र या वाक्यात आहे.

या मशीनला मोटरी दोन. एक पट्ट्यावरून धुण्याच्या टबातली चकती फिरवते. दुसरी सुकवणीच्या टबाखाली सरळ त्याच्या दांड्याला जोडलेली असते. टब नुसता भरून ठेवला तरी नळीतून धार चालू असेल, तर दोष ड्रेन व्हॉल्व्हचा: रबर कडक झालेलं असतं, नाहीतर त्याखाली धागे, एखादी टाचणी अडकलेली असते. चकतीखालून थेंब पडत असतील तर तिथलं सील झिजलेलं. पाणी सोडतानाच गळत असेल तर नळी बघावी. आमच्या धानाच्या मुलखात उंदीर ती हमखास कुरतडतात. आणि फक्त सुकवताना गळत असेल, तर बेलो.

मी धुण्याच्या टबात नीळ कालवली, मशीनखाली रद्दी अंथरली. तासाभरानं रद्दी कोरडीच. मग सुकवणीच्या टबात ओले कपडे घालून तो फिरवला. मोटरीच्या बरोबर खाली कागद भिजला.

बेलो म्हणजे दांड्याभोवतीचा घड्यांचा रबरी बूट. टब थरथरतो तसा तोही हलतो आणि कपड्यांतून निघालेलं पाणी मोटरीवर जाऊ देत नाही. तीच घडी चिरली की पाणी थेट विजेच्या तारांवर. म्हणून या गळतीला 'थोडंसंच तर आहे' म्हणून सोडू नये. एम-सीलही लावू नये. ते दगडासारखं घट्ट होतं, रबर हलत राहतं, चीर पुन्हा उघडते.

प्लग काढला. कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, त्याच्या टोकांना हात लावला नाही. मागचं पत्र्याचं झाकण उघडलं, मोटर आणि दांडा जोडणारे बोल्ट सैल केले, टब वर उचलला. जुना बेलो हातात आला तो कडक, काठावर तडकलेला. तो नमुना म्हणून गोंदियाच्या बाजारात नेला, कारण मापं सारखी दिसतात पण नसतात. नवा खाचेत बसवताना मात्र घाई केली. एक बाजू वर राहिली, पुन्हा सगळं खोललं. दुसऱ्यांदा बोटानं पूर्ण कडा चाचपली.

जुनी यंत्रं मला यासाठी प्रिय आहेत: चार स्क्रू काढले की पाणी कुठून कुठे जातं ते डोळ्यांना दिसतं.

आईनं दोन चादरी सुकवल्या. मी रद्दी उचलून पाहिली. शाई जराही फुटली नव्हती.