फळा एक, कंत्राटं अनेक

जपानमधल्या सरकारी प्राथमिक शाळेत इंग्रजीचा तास ४५ मिनिटांचा. पाचवीच्या वर्गात फळ्यापाशी दोघं उभे असतात. एक वर्गशिक्षिका आणि दुसरा अमेरिकेहून, जमैकाहून किंवा फिलिपाइन्सहून आलेला ‘एएलटी’, म्हणजे सहाय्यक भाषाशिक्षक. तो चित्रांची कार्डं दाखवतो, पोरं ओरडून उत्तरं देतात, बाई मागच्या बाकावरच्या बुजऱ्या मुलाला पुढे आणतात. खेळ रंगलाय, तेव्हा आणखी एकदा घ्यावा असं बाईंच्या मनात येतं. पण एएलटी ‘ग्योमु इताकु’ म्हणजे ठेक्याच्या करारावर आला असेल, तर त्याला तसं सांगणं बाईंना कायद्याने चालत नाही. सूचना द्यायची ती ठेकेदार कंपनीला, आणि कंपनीने ती आपल्या माणसाला कळवायची. तोवर घंटा झालेली असते.

हा विनोद नाही. एखादं काम ठेक्याने दिलं की ठेकेदाराच्या माणसाला परस्पर हुकूम द्यायचा नाही, असा जपानी कामगार कायद्याचा दंडक आहे. तसं केलं तर तो ‘गिसो उकेओइ’, म्हणजे नावापुरता ठेका ठरतो. दोन शिक्षकांनी मिळून तास घ्यायचा आणि एकमेकांना काही सांगायचं नाही, हे जमणार कसं? २००९ मध्ये शिक्षण मंत्रालयाने स्थानिक शिक्षण मंडळांना याबद्दल लेखी बजावलं. पुढच्याच वर्षी चिबा प्रांतातल्या काशिवा शहरात कामगार खात्याने याच मुद्द्यावर बोट ठेवलं आणि तिथल्या शाळांमधले एएलटींचे तास काही काळ बंद पडले. बहुतेक शाळांत मात्र नियम कागदावर राहतो आणि बाई सरळ सांगून मोकळ्या होतात.

एएलटींची ही सगळी व्यवस्था सुरू झाली तेव्हा ठेका-बिका काही नव्हता. १९८७ मध्ये जपान सरकारने ‘जेट’ कार्यक्रम काढला आणि पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ तरुण आले. तो काळ अमेरिकेशी व्यापारावरून चाललेल्या कुरबुरींचा होता. जपान माल विकतो पण दारं उघडत नाही, अशी तक्रार होती. परदेशी पदवीधरांना गावोगावच्या शाळांत बोलावणं हे त्यावरचं एक उत्तर होतं. म्हणून कोणत्याही विषयाची पदवी चालायची, शिकवण्याचं प्रशिक्षण असायलाच हवं असं नव्हतं, आणि आजही नाही. पाहुण्याने यावं, मुलांशी बोलावं, काही वर्षांनी घरी जावं, ही कल्पना. पाहुणचारही चांगला असे. वर्षाला ३६ लाख येन, तेही कर वगळून. गावात घर शोधून द्यायचं काम शिक्षण मंडळाचं.

मग अभ्यासक्रम बदलला. २०११ पासून पाचवी-सहावीला आठवड्याचा एक तास परदेशी भाषेचा झाला. २०२० मध्ये त्याच इयत्तांत इंग्रजी हा रीतसर विषय बनला, वर्षाला ७० तास आणि गुणांसह; तिसरी-चौथीलाही ३५ तास आले. ज्या वर्गशिक्षकांनी आयुष्यभर गणित, जपानी आणि व्यायाम शिकवला, त्यांच्या गळ्यात इंग्रजी पडलं. एएलटींची गरज वाढली ती इथे. आज देशात त्यांची संख्या २० हजारांच्या आसपास आहे आणि त्यात जेटमधून आलेले साधारण चौथा हिस्सा. उरलेले एकतर शिक्षण मंडळाने थेट नेमलेले, नाहीतर खासगी कंपन्यांनी पुरवलेले.

कंपनीकडे जाण्यात मंडळाचा स्वार्थ उघड आहे. जेटचा माणूस आला की त्याचं घर, बँकेचं खातं, आजारपण, एकटेपणा, सगळं कार्यालयातल्या एखाद्या कारकुनाच्या अंगावर पडतं. तो अर्ध्या वर्षात सोडून गेला तर वर्ग रिकामा. कंपनी आठवड्याभरात दुसरा माणूस उभा करते. म्हणून निविदा निघते, बहुतेकदा वर्षाची, आणि कमी बोली लावणारा जिंकतो. बोली कमी करायची तर काटछाट कुठे होणार हे सांगायला नको; या धंद्यात पगाराखेरीज मोठा खर्चच नाही. जपानी शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. त्यामुळे मार्च महिना एएलटींच्या धाकधुकीचा. कंपनी निविदा हरली तर त्याच शाळेतल्या त्याच मुलांसाठी नव्या कंपनीकडे नव्याने, कदाचित कमी पगारावर, अर्ज करायचा किंवा सामान बांधून दुसऱ्या प्रांतात जायचं.

कंपनीच्या एएलटीला महिन्याला साधारण दोन ते अडीच लाख येन मिळतात. अनेक करारांत ऑगस्टमध्ये, आणि हिवाळी व वसंताच्या सुट्टीतही, हा आकडा घसरतो. शाळा बंद म्हणून पगार कमी, घरभाडं मात्र पूर्ण. याहून गमतीदार होता साडेएकोणतीस तासांचा करार. आठवड्याला ३० तासांच्या आसपास काम गेलं की नोकरदारांचा आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतन लागू होतं आणि निम्मा हप्ता मालकाला भरावा लागतो. म्हणून करारात साडेएकोणतीस. शाळेत माणूस सकाळी सव्वाआठपासून चारपर्यंत हजर असे, पण तासांमधला मोकळा वेळ आणि जेवणाची सुट्टी हिशोबातून वगळलेली. जेवणाच्या सुट्टीत तो मुलांबरोबर वर्गात बसून जेवत असे, तेही डब्याचे पैसे स्वतः भरून. २०१६ पासून मोठ्या कंपन्यांसाठी विम्याची मर्यादा २० तासांवर आली, २०२४ च्या ऑक्टोबरपासून ५१ माणसांच्या कंपनीलाही ती लागू झाली. पळवाट बरीचशी बुजली, पण त्यासाठी कायदाच बदलावा लागला.

थेट नेमणूक तरी भक्कम असेल असं वाटतं. २०२० पासून या लोकांना ‘कायकेइ नेन्दो’ कर्मचारी, म्हणजे एका आर्थिक वर्षापुरते सरकारी नोकर, असा दर्जा आहे. बोनस मिळू लागला, ही जमेची बाजू. पण खासगी नोकरीत पाच वर्षांनंतर कायम करार मागता येतो, तो हक्क सरकारी नोकराला नाही, संपाचाही नाही. दहा वर्षं एकाच गावात शिकवणारा माणूस दरवर्षी कागदावर नवा असतो.

आता शिक्षकखोलीत डोकावू. ओईसीडीच्या २०१८ च्या पाहणीत जपानी माध्यमिक शिक्षक आठवड्याला सरासरी ५६ तास काम करताना आढळले. सहभागी देशांत हा आकडा सर्वांत मोठा. क्लब, पालकांचे फोन, अहवाल. त्याच खोलीत, कोपऱ्यातल्या टेबलापाशी, परीक्षेच्या आठवड्यात आणि उन्हाळी सुट्टीत जेटचा एएलटी बसलेला असतो. तास नाहीत, पण हजेरी लागते. याला एएलटी आपसांत ‘डेस्क वॉर्मिंग’, खुर्ची ऊबदार ठेवणं, म्हणतात. कोणी जपानी लिपी गिरवतो, कोणी पुढच्या सत्राची कार्डं कापतो. एकाच खोलीत एक जण कामाने वाकलेला आणि दुसऱ्याला काम नाही, यात दोष कोणाचा? एएलटीकडे शिक्षकाचा जपानी परवाना नसतो, म्हणून नियमाने एकट्याने तास घेता येत नाही, गुण देता येत नाहीत. आणि प्राथमिक शाळेत बऱ्याचदा तोच एएलटी अख्खा तास चालवतो, वर्गशिक्षक खिडकीशी वह्या तपासतात. माध्यमिक शाळेत उलट प्रकार: पाठ्यपुस्तकातला उतारा मोठ्याने वाचायचा, मुलांनी मागून म्हणायचा, संपलं काम. कुठे काय वाट्याला येईल याचा नेम नाही. जेटच्या मंडळींनी यासाठी एक परवलीचा शब्दच केला आहे: ‘ईएसआयडी’, म्हणजे प्रत्येकाची तऱ्हा निराळी.

ओसाकातल्या जनरल युनियनसारख्या संघटना थेट नेमणुका, विमा आणि करारातल्या स्थैर्यासाठी भांडतात. पण सभासद जमवणं कठीण. बरेच लोक वर्ष-दोन वर्षांत परत जातात आणि उरलेल्यांच्या निवासाच्या परवान्याची मुदत नोकरीवर टेकलेली असते. शिवाय हा परवाना ‘शिक्षण’ या प्रकारातला. खासगी भाषावर्गात नोकरी धरायची तर प्रकार बदलून घ्यावा लागतो.

पगाराचंही एक उलटं गणित आहे. २०१२ मध्ये जेटचा पहिल्या वर्षाचा पगार ३३ लाख ६० हजारांवर उतरवला गेला आणि पुढची तेरा वर्षं तिथेच होता, मग येन कितीही घसरला आणि अमेरिकेतलं डॉलरमधलं शिक्षणकर्ज येनमध्ये कितीही महागलं तरी. एप्रिल २०२५ पासून तो ४० लाख २० हजार झाला. चौथ्या-पाचव्या वर्षी ४३ लाख २० हजार. ही वाढ फक्त जेटची. पाचवं वर्ष संपलं की कार्यक्रमातून बाहेर पडावं लागतं. तोवर भाषा येऊ लागलेली असते, कोणाचं लग्न झालेलं असतं, कोणाची मुलं त्याच गावच्या शाळेत जाऊ लागलेली असतात. राहायचं ठरवलं आणि मंडळाची थेट जागा मिळाली नाही, तर कंपनीचं दार उरतं. तिथे पाच वर्षांच्या अनुभवाला महिन्याला दोन-अडीच लाख, म्हणजे पदवी घेऊन नुकत्याच उतरलेल्या जेटवाल्यापेक्षा वर्षाकाठी दहा-पंधरा लाख येन कमी.