आडनाव एक, उच्चार अनेक

आपले आडनाव आपण जन्मभर सांगत असतो. पण ऐकणारा काय ऐकतो आणि कागदावर काय लिहितो, याकडे आपले ध्यान नसते. आता आपल्याला वाचता येते. तेव्हा ही गोष्ट नीट समजून घेऊ.

आधी आमचीच चूक सांगतो. आम्ही शाळामास्तर होतो. एक बाप पोराला घेऊन पहिलीत नाव घालायला आला. आम्ही आडनाव विचारले. तो म्हणाला, "आडारी." आम्ही तसेच लिहिले. त्याच्या सातबाऱ्यावर मात्र 'आढारी' होते. पोरगा मोठा झाला. जातीचा दाखला काढायला गेला. तिथे विचारले, "हे दोघे बापलेक कशावरून?" एका अक्षरापायी त्याला तळेघरहून घोडेगावला किती खेपा पडल्या! बापाचे काही चुकले नव्हते. तो आपल्या बोलीत बोलला. चूक आमची. आम्ही सातबारा मागून पाहायला हवा होता.

बोलताना असे का होते? आपल्याकडे बोलताना जड अक्षर हलके होते. 'माझा'चे 'माजा' होते. तसेच 'वाघमारे'चे 'वागमारे' होते. 'ण'चा 'न' होतो. पाण्याला आपण 'पानी' म्हणतो, मग चव्हाणाचा 'चव्हान' होतो. 'एक'चे 'येक' होते, तसे 'एरंडे'चे 'येरंडे'.

'ळ' तर मुलखागणिक बदलतो. वऱ्हाडात 'डोळा' म्हणजे 'डोया'. ठाणे-रायगडाकडच्या आगरी बोलीत 'डोला'. तिथे 'गाडी'चीही 'गारी' होते. मग 'काळे' हे नाव तिकडे 'काले' ऐकू आले, तर नवल काय? यात हसण्यासारखे काही नाही. दर बारा कोसांवर भाषा बदलते, असे जुने लोक म्हणत आले आहेत.

आता 'च' पाहा. 'चार' म्हणा. मग 'चारा' म्हणा. अक्षर एकच, पण आवाज दोन. 'पाचपुते' या नावातला 'च' हा 'चारा'तला आहे. परमुलखातला माणूस तो 'चार'सारखा वाचतो. त्याच्या भाषेत तो दुसरा आवाजच नाही.

मोठ्यांची नावेही यातून सुटली नाहीत. नीरा नदीकाठच्या होळ गावचे म्हणून होळकर. ते इंदूरला राज्य करू लागले. हिंदीत 'ळ' चालत नाही, म्हणून तिकडे ते 'होलकर' झाले. सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे शिंदे ग्वाल्हेरला गेले. तिकडे ते 'सिंधिया' झाले. लोकमान्य टिळकांना हिंदीत 'तिलक' लिहितात. 'ट' गेला आणि 'ळ'ही गेला.

इंग्रजी लिपीत आणखी एक अडचण आहे. तिथे 'ल' आणि 'ळ' यांना एकच अक्षर आहे. 'त' आणि 'ट' यांनाही एकच. त्यामुळे 'काळे' आणि 'काले' इंग्रजीत सारखेच दिसतात. 'साठे' कोणी 'साथे' वाचतो. बँकेतला परप्रांतीय साहेब आपले नाव वेगळेच पुकारतो, ते यामुळे. तो मुद्दाम करतो असे नाही. आपण एकदा शांतपणे नीट म्हणून दाखवावे. तोही सुधारून घेतो.

मग करायचे काय? बोलीची लाज धरू नका. घरी, शेतात, बाजारात जसे बोलता तसेच बोला. पण कागदावर नाव एकच असू द्या. सातबारा, शिधापत्रिका, आधार कार्ड, बँकेचे पुस्तक आणि पोराचा शाळेचा दाखला, सगळे एका जागी मांडा. प्रत्येकातले आडनाव अक्षर अक्षर लावून वाचा. 'ड' आहे की 'ढ'? 'ल' की 'ळ'? 'न' की 'ण'? फरक दिसला तर आजच विचारपूस करा. पोराला शाळेत घालताना नुसते तोंडी सांगू नका. जुना कागद पुढे ठेवा. मास्तरांनी लिहिलेले स्वतः वाचा आणि मगच सही करा.

पूर्वी आपण अंगठा उठवत होतो. काय लिहिले ते दुसऱ्याला ठाऊक, आपल्याला नाही. आता तसे नाही. आपले नाव नीट लिहिले आहे की नाही, हे आता आपल्यालाच पाहता येते.