मनगटी घड्याळांची पारख

धाराशिव जिल्ह्यांतील तेर हें गांव दोन कारणांनीं महाराष्ट्राच्या परिचयाचें आहे. संत गोरोबाकाकांचें तें गांव. आणि प्राचीन काळीं 'तगर' या नांवानें रोमपर्यंत माल पाठविणारी ती मोठी पेठ. गोरोबांनीं थापटणें हातीं घेऊन संतांचीं मस्तकें ठोकून पाहिलीं व नामदेवांचें मडकें कच्चें ठरविलें, ही कथा घरोघरीं सांगतात. याच गांवीं रामलिंगप्पा लामतुरे या गृहस्थांनीं तेरच्या मातींत सांपडणाऱ्या जुन्या वस्तु हौसेनें जमविल्या, आणि त्यांच्या नांवाचें सरकारी वस्तुसंग्रहालय आज तेथें उभें आहे. संग्रह आणि पारख हीं दोन्ही अशीं एकाच गांवीं नांदलीं आहेत. कोणत्याही छंदाला या दोहोंची गरज असते. मनगटी घड्याळांच्या छंदाला तर विशेषच, कारण घड्याळाचें तोंड एकाचें व पोट दुसऱ्याचें असूं शकतें.

श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं कपाटाच्या एखाद्या खणांत वडिलांचें किंवा आजोबांचें बंद पडलेलें घड्याळ असेल. लग्नांत जांवयाला घड्याळ देण्याची रीत आपल्याकडे होती. नोकरींतून निवृत्त होणाऱ्यासही तेंच देत. अशा घड्याळाची योग्यता न कळल्यामुळें कोणी तें मोडींत टाकतो, तर कोणी हौसेनें नवें रंगवून आणतो. दोन्हींत हानि सारखीच होते.

मनगटी घड्याळ ही वस्तु फार जुनी नाहीं. पहिल्या महायुद्धापूर्वीं पुरुष खिशांतील घड्याळ वापरीत. मनगटावरचें घड्याळ हा स्त्रियांचा अलंकार मानला जाई. खंदकांतील शिपायाला खिशांत हात घालण्यास सवड नसे, म्हणून घड्याळ मनगटावर आलें आणि युद्ध संपल्यावर तेथेंच राहिलें. आपल्याकडे त्या काळीं सर्व माल परदेशांतून येई. मुंबईच्या पेठेंत वेस्ट एण्ड वॉच कंपनी व फाव्र-ल्यूबा या स्विस घड्याळांचा मोठा बोलबाला होता; वेस्ट एण्डचें 'सोवार प्रायमा' हें घड्याळ तर पलटणींतून आणि कचेऱ्यांतून सर्रास दिसे.

पुढें १९६१ सालीं हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजे एच. एम. टी., या सरकारी कंपनीनें जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानें बंगळूर येथें कारखाना काढला. किल्लीचें, १७ खड्यांचें 'जनता' हें तिचें घड्याळ मास्तरापासून मामलेदारापर्यंत सर्वांच्या हातीं दिसूं लागलें. १९६९ च्या अखेरीस जपानच्या सायको कंपनीनें क्वार्ट्झचें पहिलें मनगटी घड्याळ विक्रीस आणलें. १९८४ सालीं आपल्याकडे टायटन कंपनी स्थापन झाली. आणि किल्लीच्या घड्याळांचे दिवस सरले. एच. एम. टी. चा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारनें २०१६ सालीं घेतला. जी वस्तु पुन्हां निर्माण व्हावयाची नाहीं, तिच्याभोंवतीं संग्राहक जमतात आणि त्यांच्यामागून लबाडही येतात.

ही लबाडी कशी चालते तें नीट समजून घेतलें पाहिजे. जुन्या घड्याळाची तबकडी डागाळलेली असते. ती खरडून, पुन्हां रंगवून, तिजवर नांव छापतात. एका घड्याळाचें यंत्र, दुसऱ्याची पेटी व तिसऱ्याचे कांटे एकत्र करतात. आणि कारखान्यानें कधीं न काढलेल्या भडक रंगाचें 'दुर्मिळ' घड्याळ तयार होतें. नवशिका त्या चकाकीलाच भुलतो.

म्हणून पारख करतांना प्रथम भिंगानें तबकडी पाहावी. कारखान्यांत छापलेलें अक्षर रेखीव व एकसारख्या जाडीचें असतें. हातानें पुन्हां छापलेल्या अक्षराच्या कडा फुगतात, मिनिटांच्या रेघा वांकड्या पडतात. मग कांटे पाहावे. मिनिटाचा कांटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोंचावा. तो आखूड पडला तर दुसऱ्या घड्याळाचा आहे असा संशय घ्यावा. नंतर पेटी पाहावी. मागील झांकणावर 'स्टेनलेस स्टील बॅक' असें कोरलेलें असल्यास पोलादी तें झांकणच समजावें. बाकीची पेटी बहुधा मुलामा दिलेल्या पितळेची असते. पट्टा बसतो त्या शिंगांच्या कडा गोल झाल्या असतील तर पेटी वारंवार घासली गेली आहे. अखेरीस घड्याळजीकडून झांकण उघडवून यंत्रावरील नांव व तबकडीवरील नांव ताडून पाहावें. गोरोबांच्या थापटण्याचा खरा आवाज येथें ऐकूं येतो.

खड्यांविषयीं एक गैरसमज दूर केला पाहिजे. घड्याळांतील माणकें शोभेचीं नसून चाकांच्या आंसांची झीज थांबविण्यासाठीं बसविलेलीं असतात, आणि तीं कृत्रिम असतात. वर्नेय या फ्रेंच रसायनज्ञानें १९०२ सालीं कृत्रिम माणकें करण्याची रीत जाहीर केल्यापासून तीं स्वस्त झालीं. किल्लीच्या साध्या घड्याळास १७ खडे पुरेसे होतात. अधिक खडे म्हणजे अधिक मोल असें नाहीं.

चालीची परीक्षाही सबुरीनें करावी. जनतासारख्या घड्याळाचें तोलचक्र तासाला १८,००० झोके घेतें, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. क्वार्ट्झचा स्फटिक तर एका सेकंदांत ३२,७६८ वेळां कंप पावतो. तेव्हां किल्लीचें घड्याळ दिवसांत वीसतीस सेकंद मागेंपुढें झालें तर त्यास दोष देऊं नये. ८६,४०० सेकंदांत तेवढी चूक फार नव्हे. एक दिवस तबकडी वर, एक दिवस खालीं आणि एक दिवस उभें ठेवून चाल लिहून काढावी. स्थितीगणिक चाल फार बदलली, तर यंत्रास स्वच्छता व तेल हवें आहे असें समजावें. १९६० च्या आसपासपर्यंत अंधारांत चमकणाऱ्या कांट्यांना रेडियमचा लेप देत. तीं घड्याळें घरीं उघडूं नयेत, आणि लेप तर मुळींच खरडूं नये.

निवड करतांना हांव धरूं नये. सर्वच जमविणाऱ्याचा संग्रह होत नाहीं, ढीग होतो. एखादाच विषय घ्यावा, उदाहरणार्थ देवनागरी अक्षरांच्या तबकड्यांचीं एच. एम. टी. घड्याळें, आणि तोच कसून अभ्यासावा. रंगविलेल्या दहांपेक्षां मूळ तबकडीचें डागाळलेलें एक बरें, कारण गेलेला मूळ रंग पुन्हां आणतां येत नाहीं.

पण सर्वांत आधीं घरांतलें घड्याळ पाहावें. तें साफ करून चालू करावें, मात्र तबकडीस हात लावूं देऊं नये. मग एका चिठ्ठीवर तें कोणाचें, कोणत्या सालीं व कोणत्या निमित्तानें आलें, हें लिहून सोबत ठेवावें. तेरचा मणी तेरच्या मातींत सांपडला म्हणून बोलका होतो. तसेंच घड्याळाचें आहे. ही हकीकत सांगणारीं वडीलधारीं माणसें घरांत आहेत तोंवरच ती विचारून घ्यावी. यंत्र बंद पडलें तर दुरुस्त होतें; हकीकत एकदां हरवली कीं कोणत्याही घड्याळजीस ती दुरुस्त करतां येत नाहीं.