एका कमांडने गेममधला लॅग जातो का? पॅकेट जोडणी बंद करण्याआधी हे वाचा

“ही एक कमांड टाका, लॅग गायब!” असं सांगणारे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. काही कमांड नेटवर्क कार्डची पॅकेट जोडण्याची सोय बंद करतात. पण ही सोय असते कशासाठी?

इंटरनेटवरचा डेटा साधारण 1500 बाइटच्या तुकड्यांत येतो. 1 गिगाबिटची लाइन पूर्ण भरून वाहत असेल, तर सेकंदाला असे सुमारे 81 हजार तुकडे! पोस्टमनने प्रत्येक पत्रासाठी वेगळी बेल वाजवली तर काय होईल? प्रोसेसरचे तसे हाल होऊ नयेत म्हणून एकाच कनेक्शनचे, ओळीने आलेले तुकडे जोडून त्यांचा सुमारे 64 केबीपर्यंतचा गठ्ठा केला जातो. विंडोज 8 पासून ही सोय आरएससी नावाने आहे. लिनक्समध्ये हेच काम जीआरओ आणि एलआरओ करतात.

मग ती बंद कुणी करायची?

ज्यांना पॅकेट आलं तसंच पाहायचं आहे, त्यांनी. वायरशार्कमध्ये अचानक 20 हजार बाइटचं पॅकेट दिसलं, तर कार्ड बिघडलेलं नसतं. तो जोडलेला गठ्ठा असतो. सुरिकाटासारख्या घुसखोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी मात्र हा गंभीर प्रश्न आहे. जोडताना तुकड्यांच्या मूळ सीमा पुसल्या जातात आणि हल्लेखोराची चलाखी कधी कधी तिथेच असते.

बंद कशी करायची?

कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करा.

लिनक्स: ‘सुडो ईथटूल -के ईथ0 जीआरओ ऑफ’. ईथ0 च्या जागी तुमच्या कार्डचं नाव. यातला ‘के’ कॅपिटलच हवा. स्मॉल ‘के’ फक्त सध्याची स्थिती दाखवतो. एलआरओसाठी हीच कमांड पुन्हा द्या. यादीत एखाद्या सोयीपुढे ‘फिक्स्ड’ दिसलं, तर ती बदलता येत नाही. रीस्टार्टनंतर हा बदल टिकत नाही.

विंडोज: अॅडमिन म्हणून पॉवरशेल उघडा आणि ‘डिसेबल-नेटअॅडाप्टरआरएससी -नेम ईथरनेट’ ही कमांड द्या. पूर्ववत करायला ‘डिसेबल’च्या जागी ‘एनेबल’.

आणि गेमचं काय? वेगवान ऑनलाइन गेम बहुधा यूडीपी वापरतात, तर आरएससी जोडते टीसीपीचे तुकडे. म्हणजे लॅग तसाच राहील, उलट मोठ्या डाउनलोडच्या वेळी प्रोसेसरवरचा ताण वाढेल. त्यामुळे पॅकेट तपासायचं काम नसेल, तर ही सोय चालूच राहू द्या.