रसद तुटली, लढाई फिरली

दुसऱ्या महायुद्धावर मराठीत पुस्तकांना तोटा नाही. हिटलर, रोमेल, चर्चिल ही मंडळी आपल्या वाचनालयांतून पिढ्यान्‌पिढ्या हिंडत आली आहेत. त्या वाचनातून एक समज घट्ट बसला: युद्ध फिरतं ते सेनापतीच्या डोक्यानं आणि शिपायाच्या छातीनं. खरं तर पानिपत ज्याला पाठ आहे त्याला हे पटायला नको. १४ जानेवारी १७६१ ला भाऊसाहेबांची फौज छावणीबाहेर पडली ती रसद तुटली आणि माणसं-जनावरं उपाशी मरू लागली म्हणून. १९३९ ते १९४५ च्या मोठ्या लढायांकडे याच नजरेनं पाहिलं, तर ओळखीच्या गोष्टी वेगळ्या दिसतात.

सुरुवातीची दोन वर्षं भराभर उरकतो. १ सप्टेंबर १९३९ ला पोलंडवर हल्ला, जून १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव. रणगाडे वेगवान होते, पण अंतरंही बेताची होती आणि रस्ते उत्तम. २२ जून १९४१ ला सुमारे तीस लाख जर्मन सैनिक रशियात घुसले तेव्हा हिशेब बदलला. ‘यांत्रिक’ म्हणून गाजलेल्या या सैन्याबरोबर सहा लाखांहून अधिक घोडे होते. रशियन लोहमार्ग जर्मन मार्गापेक्षा जवळपास नऊ सेंटीमीटर रुंद. म्हणजे रूळ उचलून पुन्हा ठोकल्याशिवाय जर्मन गाडी पुढे सरकणार नाही. मॉस्कोच्या वेशीवर पोहोचेपर्यंत गाड्या इतक्या अपुऱ्या पडल्या की त्यांत दारूगोळा आणि इंधन भरायचं की गरम कपडे, यातलं एक निवडावं लागलं. कोट मागे गोदामांत राहिले. ५ डिसेंबरला रशियाचा प्रतिहल्ला सुरू झाला. ‘रशियन थंडीनं हिटलरला हरवलं’ हे वाक्य मला म्हणूनच अर्धवट वाटतं. थंडी दोघांनाही होती, कोट एकाच बाजूला पोहोचले होते.

जपानचं दुखणं तेलाचं. वापरातल्या तेलाचा फार मोठा भाग तो अमेरिकेकडून विकत घ्यायचा. जुलै १९४१ मध्ये त्यानं दक्षिण इंडोचायनात सैन्य उतरवलं आणि अमेरिकेनं तेल तोडलं. ईस्ट इंडीजमधल्या तेलविहिरींकडे जायचं तर अमेरिकन आरमार वाटेत नको, म्हणून ७ डिसेंबरला पर्ल हार्बर. गंमत अशी की तेलासाठी युद्धात उतरलेल्या जपानी विमानांनी तिथल्या तेलाच्या टाक्या सोडून दिल्या! सहा महिन्यांनी मिडवेच्या लढाईत या चुकीची किंमत वसूल झाली. जपानी संदेशांत ‘ए-एफ’ या खुणेनं उल्लेख होणारं हल्ल्याचं ठिकाण मिडवेच आहे का, हे ताडण्यासाठी अमेरिकन आरमारातल्या जोसेफ रोशफोर्टच्या सांकेतिक लिपी विभागानं युक्ती केली. मिडवे बेटाला उघड संदेश पाठवायला लावला की आमच्याकडे गोड्या पाण्याचं यंत्र बिघडलं आहे. थोड्याच वेळात जपानी संदेश पकडला गेला: ‘ए-एफ’ला पाण्याची टंचाई. पाठोपाठ पर्ल हार्बरच्या गोदीत जखमी ‘यॉर्कटाउन’ युद्धनौकेची डागडुजी तीन दिवसांत करून तिला लढाईवर धाडलं. ४ जून १९४२ ला जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या किंवा पेटल्या. यात नशिबाचा वाटाही होताच. पण गोदी आणि तिथलं तेल शाबूत नसतं तर नशीब आजमावायला कोणी गेलंच नसतं.

उत्तर आफ्रिकेत रोमेलच्या चढायांची वर्णनं आपण चवीनं वाचतो. त्याच्या पेट्रोलच्या जहाजांची कोणी वाचत नाही. ती जहाजं बुडवणारं ब्रिटिश बेट म्हणजे माल्टा. ऑगस्ट १९४२ मध्ये माल्टाकडे निघालेल्या चौदा मालवाहू जहाजांपैकी पाच पोहोचली. त्यांत ‘ओहायो’ हे तेलवाहू जहाज कंबर मोडलेल्या अवस्थेत, दोन विनाशिकांच्या मध्ये बांधून, अक्षरशः ओढत आणलेलं. रोमेल हरला त्या एल अलामीनच्या लढाईचा निकाल ४ नोव्हेंबरला लागला, पण त्याची पायाभरणी इथे झाली होती.

आणि स्टालिनग्राड. मुळात १९४२ ची जर्मन मोहीम कॉकेशसच्या तेलासाठी होती. मायकोप हाती आलं तेव्हा रशियनांनी विहिरी निकामी करून ठेवल्या होत्या. बाकू तर दूरच राहिलं. तेल राहिलं बाजूला आणि हिटलर व्होल्गाकाठच्या एका शहराच्या हट्टाला पेटला. १९ नोव्हेंबरला रशियन फौजांनी कच्च्या रुमानियन फळ्यांवर दोन बाजूंनी वार केले. चार दिवसांत चिमटा मिटला आणि सेनापती पाउलुसचं सहावं जर्मन सैन्य, अडीच लाखांच्या वर माणसं, आत अडकलं. जर्मन हवाईदलाचा प्रमुख गोअरिंगनं शब्द दिला: विमानांनी पोसतो. दिवसाला निदान तीनशे टन हवे होते. सरासरी शंभरच्या आसपास पोहोचले. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात! जनावरांना हिवाळ्यात चारा घालावा लागू नये म्हणून बरेच घोडे आधीच मागे पाठवलेले, त्यामुळे तोफा ओढायला घोडे नाहीत आणि खायलाही पुरेसे नाहीत. १६ जानेवारीला पिटोमनिकचा विमानतळ गेला. पुढे काही दिवसांत तर पिशव्या वरून टाकायच्या आणि बर्फात शोधायच्या, एवढंच उरलं. २ फेब्रुवारी १९४३ ला सारं संपलं तेव्हा सुमारे ९१,००० कैदी झाले. त्यांतले पाच-सहा हजारच पुढे घरी परतले.

त्याच वर्षी मे महिन्यात जर्मनीच्या चाळीसच्या आसपास पाणबुड्या बुडाल्या आणि जर्मन आरमारप्रमुख डोनिट्झला त्या अटलांटिकमधून मागे घ्याव्या लागल्या. अमेरिकेचा माल इंग्लंडला निर्धास्त पोहोचू लागला. माझ्या मते पश्चिमेतलं युद्ध त्या महिन्यात जिंकलं गेलं. नॉर्मंडीला सैन्य उतरवण्याचं नाटक वर्षभरानं झालं.

पण रसद म्हणजे कुणाच्या तरी ताटातला घासही. ब्रह्मदेश पडल्यावर तिकडचा तांदूळ बंद झाला. जपानी येतील या धास्तीनं सरकारनं बंगालच्या किनारपट्टीवरल्या नावा काढून घेतल्या. लष्करी खरेदी आणि साठेबाजीनं भाव भडकले. १९४३ च्या त्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसं मेली. लढायांच्या यादीत हा आकडा कुठेच येत नाही, ही त्या याद्यांची लबाडी आहे.

आपल्या दारातली लढाई म्हणजे इम्फाळ-कोहिमा. मार्च १९४४ मध्ये जपानी सेनापती मुतागुचीनं तीन डिव्हिजन घेऊन चिंदविन नदी ओलांडली. बरोबर तीन आठवड्यांचा शिधा आणि चालतं-फिरतं मांस म्हणून गुरांचे कळप. बरीच गुरं नदीत आणि डोंगरात गमावली. पुढचा शिधा शत्रूच्या गोदामांतून, असा बेत. दिमापूरचं गोदाम अकरा मैल लांब पसरलेलं होतं, म्हणजे स्वप्न अगदीच हवेतलं नव्हतं. पण वाटेत सांगशाकला ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडनं जपान्यांना २२ ते २६ मार्च अडवून धरलं, आणि त्या ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. तेवढे दिवस कोहिमाच्या तयारीला मिळाले.

कोहिमात डेप्युटी कमिशनरच्या बंगल्यातल्या टेनिस कोर्टाच्या एका कडेला एक बाजू, दुसऱ्या कडेला दुसरी. मधल्या जागेतून चेंडूऐवजी हातबाँब. वेढ्यातल्यांना पाणी मोजून मिळे. विमानांतून टाकलेला माल कधी कधी जपान्यांच्या हद्दीत पडे. इम्फाळला मात्र विमानांनी अन्न, पेट्रोल, टपाल सगळं पुरवलं. गोअरिंगला जे जमलं नाही ते इथे जमलं. नागा गावकऱ्यांनी ओझी वाहिली, वाटा दाखवल्या, जखमी उचलले. उलट कोहिमाला वेढा घालणाऱ्या जपानी सेनापती सातोकडे शिधा आलाच नाही. मेअखेर त्यानं हुकूम मोडून माघार घेतली. परतीच्या वाटेवर लढाईपेक्षा भूक आणि आजारानं जास्त माणसं मेली. याच भुकेत आझाद हिंद सेनेचे सैनिकही होते. १४ एप्रिलला मोइरांगला त्यांनी तिरंगा फडकवला. नेमक्या त्याच दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत, दारूगोळा आणि कापसाच्या गासड्या एकत्र भरलेलं ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज फुटलं आणि शेकडो माणसं गेली.

२२ जून १९४४ ला कोहिमा-इम्फाळ रस्ता मोकळा झाला. त्याच दिवशी बेलारूसमध्ये रशियाची ‘बाग्रातियोन’ मोहीम उलगडत होती, तिचे सैनिक अमेरिकन स्टुडबेकर ट्रकांत बसलेले. जर्मनीच्या हल्ल्याला त्या दिवशी तीन वर्षं झाली. डिसेंबरात आर्देनच्या जंगलात जर्मन रणगाडे पेट्रोलअभावी जागच्या जागी सोडून द्यावे लागले.

इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव आपल्याला ठाऊक आहेत. ट्रक हाकणारे, खेचरं सांभाळणारे, गोदामात पोती मोजणारे मात्र कुणाला ठाऊक नाहीत, आणि पंचवीस लाखांच्या त्या भारतीय सैन्यात त्यांची संख्या मोठी होती. सातारा-रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांचं डिस्चार्ज बुक अजून पडून असेल. वाचकांपैकी कोणाकडे असलं, तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. त्याची नीट प्रत काढून गावच्या किंवा तालुक्याच्या वाचनालयात ठेवा.