अंगणातील पर्जन्यमापक

आर्द्रतेची व्याख्या आपले विद्यार्थी बिनचूक लिहितात. परंतु बर्फाच्या पाण्याचा पेला बाहेरून ओला का होतो, असे विचारले की पेला पाझरतो, असे उत्तर येते. येथे जमलेल्या माजी विद्यार्थ्यांनाही ते उत्तर आठवत असेल. उपाय सोपा आहे. पेल्यातील पाण्यात रंग मिसळावा. बाहेरचे थेंब बिनरंगाचेच राहतात, आणि हे पाणी हवेतून आले असले पाहिजे, असे विद्यार्थी स्वतःच म्हणू लागतो.

माझा विशेष जिव्हाळा मात्र पर्जन्यमापकाशी आहे. सरळ उभ्या बाजूंची, पण लहानमोठ्या तोंडांची तीन भांडी मोकळ्या मैदानात ठेवावीत आणि पाण्याची उंची कशात अधिक भरेल, हे वर्गाला आधी विचारावे. बहुतेक हात रुंद भांड्याच्या बाजूने वर होतात. पाऊस थांबल्यावर पट्टी लावून पाहावे, तर तिन्हींत उंची जवळजवळ सारखीच! रुंद तोंडातून पाणी अधिक येते खरे, पण ते पसरतेही तितक्याच अधिक जागेवर. मग शेजारी तळाशी निमुळती बादली ठेवावी. तिच्यातील पाणी अधिक उंच का चढते, हे मात्र सांगू नये. मुलांना शोधू द्यावे. पाऊस लिटरमध्ये न सांगता मिलिमीटरमध्ये का सांगतात, ते या शोधातच उलगडते. एका चौरस मीटरवरील एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या छतावरून २५ मिलिमीटर पावसात अडीच हजार लिटर पाणी वाहून जाते. जलूदहून विंध्य चढवून आणलेले नर्मदेचे पाणी पिणाऱ्या इंदूरच्या मुलांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

हे मापन आपल्या भूमीला नवे नाही. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त कोठारापाशी पर्जन्यमापनाचे कुंड ठेवण्यास सांगितले आहे. अवंतीचा, म्हणजे आपल्या माळव्याचा, पाऊस तेथे २३ द्रोण दिला आहे. कोकणच्या पावसाला मात्र मोजमापच नाही, असे म्हणून ग्रंथकाराने हात टेकले आहेत.

ढगासाठी प्लास्टिकची पारदर्शक बाटली पुरते. तळाशी थोडे कोमट पाणी, आत उदबत्तीचा किंचित धूर, आणि घट्ट झाकण. बाटली दाबून एकदम सोडली की आतील हवा प्रसरण पावून थंड होते आणि धुराच्या कणांवर वाफेचे सूक्ष्म थेंब बनून धुके दिसते. निमाडातून वर चढणारी दमट हवा महूजवळच्या जामगेटवर पावसाळ्यात हेच करीत असते.

उत्तर न सांगता प्रयोगातून शोधू देण्याची ही रीत आपल्याच प्रदेशात रुजली होती. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत 'किशोर भारती' व रसूलियाचे 'फ्रेंड्स रूरल सेंटर' यांनी विज्ञानशिक्षणाचा उपक्रम आरंभिला. १९८२ पासून 'एकलव्य' संस्थेने तो पुढे नेला. त्यात परीक्षेलाही पुस्तक उघडण्याची मुभा असे. शासनाने २००२ मध्ये तो बंद केला. माझ्या मते ही हानी अद्याप भरून निघालेली नाही.

कारण प्रश्न विश्वासाचा आहे. मुलांनी १८ मिलिमीटर मोजले आणि वर्तमानपत्रात विमानतळावरील नोंद ३१ छापून आली, तर पुष्कळ शिक्षक वहीतील आकडा खोडायला लावतात. वस्तुतः पावसाची सर एका मोहल्ल्यात कोसळते आणि दुसरा कोरडा राहतो. मापक भिंतीच्या आडोशाला होता काय, हे अवश्य तपासावे. तसे नसेल, तर १८ हाच त्या अंगणाचा पाऊस. हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठला तो नोंदवावा, आणि पाऊस पडला नसेल त्या दिवशीही शून्य लिहावे.