21,600 श्वास

2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या बॉबी फिंकने 1500 मीटर फ्रीस्टाइल 14 मिनिटे 30.67 सेकंदांत पोहून विश्वविक्रम केला. हिशेब करून पाहा: ताशी 6.2 किलोमीटर. सकाळी मैदानावर झपझप चालणारे याच वेगाने चालतात! 100 मीटरचा विक्रमवीर पान झानले, 46.40 सेकंद, म्हणजे ताशी पावणेआठ.

पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट. त्यात वेग दुप्पट केला की अवरोध चौपट होतो आणि लागणारा जोर आठपट. वेग नुसता 10 टक्क्यांनी वाढवायचा तरी जोर 33 टक्के जास्त लागतो. म्हणून मला वाटतं, दंड कमावण्याआधी पाण्याला कमीत कमी अंग दाखवायला शिकावं. आणि आपलं सगळं बिघडतं ते श्वास घेताना.

डोकं साधारण पाच किलोचं. एरवी त्याचा भार पाणी फुकट तोलतं. ते वर उचललं की कमर आणि पाय बुडतात, अंग तिरकं होतं. 25 मीटरला 20 हात मारणारा 1500 मीटरमध्ये 1200 हात मारतो. दर दोन हातांमागे श्वास, म्हणजे 600 वेळा डोकं वर. तीन हजार किलो! तेच डोकं खांद्यांबरोबर कुशीवर वळवलं आणि एक गॉगल पाण्यातच ठेवला, तर उचलायचं काही उरतच नाही. पुढे सरकणाऱ्या डोक्यामुळे गालापाशी पाण्यात खळगा पडतो, तोंडाला हवा तिथेच मिळते. मात्र श्वास आधीच पाण्यात, बुडबुडे काढत, सोडलेला हवा. नवशिका तो कोंडून ठेवतो, मग वर आल्यावर क्षणभरात सोडणं आणि घेणं दोन्ही उरकू पाहतो. त्याचा जीव घाबरा होतो तो बहुतेक वेळा साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे.

आता इंग्लिश खाडी घ्या. सरळ रेषेत सुमारे 33 किलोमीटर. 12 तास धरले आणि मिनिटाला 60 हात, तर 43,200 हात आणि 21,600 श्वास. आपल्या योगपरंपरेत माणसाच्या अहोरात्रातल्या श्वासांचा आकडा नेमका हाच सांगितला आहे. चोवीस तासांचे श्वास बारा तासांत, आणि त्यातला प्रत्येक मान वळवून, थंड खाऱ्या पाण्याच्या काठावरून उचललेला. पुण्याच्या रोहन मोरेने ही खाडी धरून असे सात सागरी टप्पे 2018मध्ये पुरे केले.